वर्गणी आणि कपात

कोणत्याही सार्वजनिक कामाचा इतिहास पाहावयाचा तर आधी त्याचे पावतीपुस्तक पाहावे, असे आम्हां कामगार चळवळीतील माणसांना वाटते. घोषणा सर्वांच्या सारख्याच असतात. पैसा कोणी मागितला, कोणी दिला आणि न देणाराचे पुढे काय झाले, यावरून संस्थेची खरी प्रकृती कळते. आज एका अगदी नव्या धंद्याचे पावतीपुस्तक आम्ही श्रोत्यांपुढे उघडीत आहोत.

2008 च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि 3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइन नावाच्या संगणकी नाण्याची वही सुरू झाली. या वहीला पगारी मुनीम नाही. नवे पान कोणी लिहावे याची शर्यत जगभरचे संगणक लावतात. अटीत बसणारा आकडा सापडेपर्यंत अंदाजामागून अंदाज करीत राहावयाचे. ज्याला तो सापडला त्याचे पान वहीत चढते आणि त्यास नवी नाणी मिळतात. आरंभी एका पानास 50 नाणी मिळत. सुमारे दर चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल 2024 पासून ती 3.125 झाली. या उद्योगाला खाणकाम म्हणतात. खाणीत कुदळ लागते, तशी येथे यंत्राला कामाला जुंपणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लागते. आमचा विषय आहे तो ही कुदळ घडविणाऱ्या लोहाराच्या मजुरीचा.

2011 साली ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास या गृहस्थांनी 'सीजीमायनर' ही आज्ञावली पुढे आणली. पेशाने ते भूल देणारे डॉक्टर. जेफ गार्झिक यांच्या आधीच्या आज्ञावलीवर त्यांनी ही रचली आणि जगाला फुकट दिली. परवान्याची अट एवढीच होती, की ती बदलून दुसऱ्याला देणाराने बदललेला मूळ मजकूरही त्याला द्यावा. पैशाचे म्हणाल तर सोबत देणगीसाठी एक पत्ता दिलेला असे. ज्याची इच्छा असेल त्याने टाकावे.

2013 साली केवळ खाणकामासाठी घडविलेल्या चिपांची यंत्रे बाजारात आली. ती बनविणाऱ्या कंपन्यांनी हीच आज्ञावली फेरफार करून आपल्या यंत्रांत बसविली. यंत्र विकले गेले की पैसा कंपनीला. आणि बदललेला मजकूर परत देण्याची वेळ आली की काही कंपन्या टाळाटाळ करतात, अशा तक्रारी उठल्या. त्याच वर्षी कोलिव्हास यांनी घरगुती संगणकांतील ग्राफिक कार्डांसाठीचा भाग आपल्या आज्ञावलीतून काढून टाकला. त्या कार्डांवर खाणकाम करणारांना ते रुचले नाही. पण ज्याला पगार दिला नाही त्याला हुकूम तरी कोणत्या नात्याने करावा? केवळ इच्छेवर सोडलेली वर्गणी अशी दोन्ही अंगांनी लंगडी पडते: करणाराला भाकरीची हमी नाही आणि वापरणाराला कामाची हमी नाही.

म्हणून पुढच्या लोहारांनी निराळी वाट धरली. इथेरियम या नाण्यासाठी 'क्लेमोर' नावाची आज्ञावली निघाली. तिचा मूळ मजकूर गुप्त होता आणि यंत्राच्या वेळेपैकी शंभरातला एक हिस्सा ती कर्त्यासाठी राबवून घेई. हा हिस्सा बंद करण्याची सोय होती. परंतु बंद केला की कुदळ बोथट होई, वेग सुमारे 3 टक्क्यांनी घटे. वापरणारेही काही कमी नव्हते. कर्त्याचा हिस्सा वाटेतच अडवून स्वतःच्या खात्यात वळविणाऱ्या युक्त्या निघाल्या. मोनेरो नाण्यासाठी 2017 साली आलेल्या 'एक्सएमरिग'ने आपला मजकूर खुला ठेवला. शंभर मिनिटांतील पाच मिनिटे, पुढे एक मिनिट, कर्त्यासाठी असा शिरस्ता तिने घातला आणि त्याला देणगी असे नाव दिले. साध्या मांडणीत हा आकडा एकाच्या खाली उतरत नसे. मात्र मूळ मजकूर बदलण्याची विद्या असेल त्याला तो शून्यावर आणता येई.

न विचारता जाते ती देणगी कशी? हा वाद आम्हांला नवा नाही. ब्रिटनमध्ये 1913 च्या कायद्यानुसार कामगार संघाच्या राजकीय निधीत सभासदाची संमती गृहीत धरीत. नको असेल त्याने लेखी कळवावे. 1927 साली सरकारने हे उलटे केले: देणारानेच लेखी कळवावे. 1946 साली पुन्हा पहिली रीत आली. सभासद तेच, संघही तेच. पण मौनाचा अर्थ 'होय' धरावा की 'नाही', एवढ्यावर निधी भरतो किंवा आटतो. आपल्याकडे 1926 च्या कायद्याने राजकीय निधीची सक्ती मना केली, आणि 1982 च्या दुरुस्तीने संघाची वर्गणी पगारातून कापण्यास मुभा दिली ती कामगाराच्या लेखी संमतीनेच.

ही संमती वगळली म्हणजे काय होते, ते बिटकॉइन कॅश या नाण्याच्या इतिहासात दिसते. येथे प्रश्न कुदळीचा नव्हता, वही चालविणाऱ्या आज्ञावलीचा होता. जानेवारी 2020 मध्ये जियांग झुओअर या खाणमालकाने काही मोठ्या खाणवाल्यांसह योजना मांडली: सहा महिने प्रत्येक पानाच्या कमाईतून 12.5 टक्के आज्ञावली रचणारांसाठी काढावे, पैसा हाँगकाँगमधील एका कंपनीकडे जावा, आणि जो देणार नाही त्याचे पान वहीत घेऊ नये. मोठा गदारोळ झाला आणि योजना बारगळली. ऑगस्टमध्ये 'एबीसी' या आज्ञावलीच्या मंडळींनी 8 टक्क्यांची कपात पुढे आणली. 15 नोव्हेंबर 2020 रोजी वही दुभंगली आणि जवळजवळ सारे खाणवाले कपात नाकारणाऱ्या बाजूस गेले. एबीसीचा फाटा पुढे 2021 साली 'ईकॅश' या नावाने निघाला. त्याच वर्षी, 2020 मध्ये, 'फ्लिपस्टार्टर' नावाच्या पद्धतीने आज्ञावली रचणारांसाठी स्वेच्छेची वर्गणीही गोळा झाली होती. ठरलेली रक्कम पुरी भरली तरच देणाराचे पैसे घ्यावयाचे, अशी तिची अट होती.

लोहाराला मजुरी मिळावी, हे बहुतेकांना मान्य होते. भांडण झाले ते त्याने परस्पर खिशात हात घातला म्हणून. तथापि कपात हाणून पाडली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाराला आम्ही एवढेच विचारू: मग तुमची पावती कोठे आहे? रक्कम आधी जाहीर असावी, हिशेब सर्वांस पाहता यावा, नकार देणारावर सूड उगवू नये. आणि ज्याच्या श्रमावर आपली चूल पेटते त्याच्यासाठी मागावयास कोणी तरी पावतीपुस्तक घेऊन दारोदार जावे. हे शेवटचे काम कोणतीही आज्ञावली करीत नाही. ते माणसांनाच करावे लागते.