होतकरू मल्लाची पारख

आखाड्यांत उतरलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा पुढें कोणत्या पायरीपर्यंत चढेल, हें आज सांगतां येईल काय? हा प्रश्न वस्तादाला पडतो, उसनवार करून मुलाच्या खुराकाची सोय लावणाऱ्या बापाला पडतो, आणि निवड समितीला तर तो दरसाल सोडवावाच लागतो. उत्तर चुकलें तर एका मुलाच्या उमेदीचीं वर्षें वायां जातात. क्वचित् प्रसंगीं साऱ्या देशाला त्याचा फटका बसतो. म्हणून हा विचार नुसत्या अंदाजावर न सोडतां घडलेल्या गोष्टींच्या आधारें करणें बरें.

खानदेशाला हा विषय परका नाहीं. महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा १९६१ मध्यें औरंगाबादेस सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षीं ती धुळ्यास भरली. तेथें भगवान मोरे यांनीं किताब जिंकला. १९६६ मध्यें ती जळगांवीं झाली व मान दीनानाथ सिंह यांजकडे गेला. १९७७ मध्यें चाळीसगांवीं कुस्त्या झाल्या, परंतु त्या साली किताबाचा निर्णयच लागला नाहीं. पुढें याच चाळीसगांव तालुक्यांतील सायगांवच्या विजय चौधरी यांनीं २०१४ मध्यें अहमदनगर, २०१५ मध्यें नागपूर आणि २०१६ मध्यें पुण्यानजीक वारजे येथें लागोपाठ तीन वेळां हा किताब मिळविला. त्यांच्यापूर्वीं लागोपाठ तीनदां असा मान केवळ नरसिंग यादव यांना लाभला होता.

वारज्याच्या अखेरच्या कुस्तींत चौधरींनीं ज्याला नमविलें, तो पुण्याचा अभिजित कटके तेव्हां विशीच्या घरांत होता. त्या रात्रीं गदा कोणाच्या खांद्यावर गेली, एवढेंच पाहणाऱ्यानें कटके हा हरलेला मल्ल म्हणून नोंदला असता. परंतु पुढच्याच वर्षीं भूगांव येथें तोच महाराष्ट्र केसरी झाला. तेव्हां निकाल हा पारखीचा एक भाग होय, सर्व भाग नव्हे. मोठ्या मल्लापुढें कितपत तग धरला, कोणता डाव फसला आणि फसल्यावर काय केलें, या गोष्टी विजयाच्या आरोळींत बुडून जातात. परंतु भविष्याची खूण बहुधा त्यांतच असते.

ही अडचण केवळ कुस्तीचीच आहे असें नाहीं. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें एक वेगळाच, धसमुसळा खेळ चालतो. त्यांत चेंडू फेंकणाऱ्या गड्यावर चाल करून जाणें, हें कांहीं गड्यांचें खास काम असतें. फेंकणारा किती वेळां चेंडूसह लोळविला, याची अधिकृत नोंद तिकडील व्यावसायिक संघटनेनें १९८२ पासून खेळाडूंच्या नांवें ठेवण्यास आरंभ केला. परंतु जाणते परीक्षक तरुण गड्याची किंमत त्या एका आंकड्यावर ठरवीत नाहींत. पहिलें पाऊल किती चपळ आहे, हातांचा उपयोग कसा करतो, एक युक्ति अडली तर दुसरी त्याच्यापाशीं आहे काय, आणि लोळवितां आलें नाहीं तरी फेंकणाऱ्याला घाईस आणलें काय, हें ते पाहतात. आखाड्याच्या कांठावर बसलेला जुना वस्तादही दुसरें काय पाहतो?

या दृष्टीनें खाशाबा जाधव यांचें चरित्र मोठें बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १९२६ मध्यें कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गांवीं झाला. घरीं कुस्तीचा वारसा होता. पुढें कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत ते शिकले. अंगानें ते लहान, परंतु चपळाई विलक्षण; ढाक हा त्यांचा आवडता डाव. १९४८ मध्यें कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सर्वांत हलक्या वजनगटांत सहावे आले. वरवर पाहणाऱ्याला ती हारच वाटावी. परंतु ज्याची सारी तालीम तांबड्या मातींत झाली, त्याला तेथें गादीवर आणि परक्या नियमांनीं लढावें लागलें होतें. मातींत पाय रुततो, कुस्ती लांबते, दमसास कामीं येतो. गादीवर पाय सरकतो, गुणांचा हिशेब क्षणोक्षणीं चालतो आणि वेळेचें बंधन असतें. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाच्या शिकवणीचा त्यांना त्या वेळीं लाभ झाला, आणि अशा स्थितींत मिळालेला सहावा क्रमांक हा भावी यशाचा पुरावा होता.

तो पुरावा सर्वांनाच वाचतां आला असें नाहीं. १९५२ च्या निवडीच्या वेळीं त्यांना डावलण्यांत आलें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली; पुन्हा कुस्ती लागली आणि प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना त्यांनीं चीत केलें. मग प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्रांत आजही कृतज्ञतेनें सांगितली जाते. हेलसिंकीस खाशाबांनीं ५७ किलो गटांत कॅनडा व मेक्सिको येथील मल्लांना हरविलें; पुढें रशिया आणि जपान यांच्या मल्लांपुढें त्यांना माघार घ्यावी लागली, तरी कांस्यपदक त्यांच्या पदरीं पडलें. स्वतंत्र भारताला मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. प्राचार्यांची पारख आणि समितीची पारख यांत केवढें अंतर होतें, हें त्या एका पदकानें दाखविलें.

या हकिगतींतून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. गांवोगांवच्या जत्रांत मोठें इनाम भारी मल्लांच्या कुस्तीला लागतें, आणि महाराष्ट्र केसरीची गदाही भारी वजनाच्याच मल्लाला मिळते. त्यामुळें पंचावन्न-साठ किलोंचा मुलगा तालमींत मागें पडतो. त्याचा खुराक आणि त्याच्याकडील लक्ष हीं दोन्ही कमी होतात. परंतु परदेशांत महाराष्ट्राचें नांव हलक्या मल्लांनींही उज्ज्वल केलें आहे. खाशाबांचें उदाहरण वर आलेंच. बीड जिल्ह्यांतील राहुल आवारे यांनीं २०१८ मध्यें राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो गटांत सुवर्णपदक, आणि २०१९ मध्यें जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्यपदक मिळविलें. देहाचा विस्तार हाच गुणाचा गज मानणाऱ्याला अशीं मुलें दिसावयाचीं नाहींत.

तर मग पारख करावी कशी? प्रथम, मुलाची तुलना दुसऱ्याशीं करण्यापूर्वीं त्याच्या स्वतःच्या मागील वर्षाशीं करावी. गेल्या हंगामांत ज्या डावाला तो फसला, त्याच डावाला यंदा तो उत्तर देतो काय, हें पाहावें. दुसरें, त्याला एकच डाव येतो कीं एका डावांतून दुसरा काढतां येतो, हें तपासावें. एकाच पटावर जिंकणारा मुलगा लहान गटांत चमकतो, परंतु थोरांत त्याचा पट लवकरच ओळखला जातो. तिसरें, माती आणि गादी या दोहोंवर त्याला वेळेवारीं उतरवावें. पंचविसाव्या वर्षीं गादीची ओळख होणें फार उशिराचें. चौथें, अंग भरण्याचें वय प्रत्येकाचें निराळें असतें. सोळाव्या वर्षीं जोडीदारांना सहज लोळविणारा केवळ लवकर वाढलेला असूं शकतो, आणि आज मार खाणारा दोन वर्षांनीं पुढें जाऊं शकतो.

धुळें आणि जळगांव येथील तालमींत यासाठीं फार खर्च नको. प्रत्येक मुलाच्या नांवें एक वही ठेवून तींत वजन, झालेल्या कुस्त्या, लागलेले आणि फसलेले डाव एवढें दर महिन्याला लिहिलें तरी पुरे. कोणत्या मुलावर किती खर्च करावा, हें ठरवितांना गेल्या जत्रेंतील एका कुस्तीच्या आठवणीपेक्षां अशी दोन वर्षांची वही वस्तादाला आणि बापाला अधिक उपयोगी पडेल.