गुरुवारच्या अंकासाठी मांडलेला डाव

इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखानदारीच्या शहरात १३ डिसेंबर १९५४ च्या रात्री, विजेच्या प्रखर झोतांखाली आणि पाण्याने चिकचिकलेल्या मैदानावर, ‘वुल्व्ज’ या नावाने ख्यातनाम असलेल्या स्थानिक संघाने बुडापेस्टच्या होनवेद संघाचा ३-२ असा पराभव केला. सामना नुसता मैत्रीचा होता. परंतु वर्षभरापूर्वी वेम्बलीच्या मैदानावर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची ६-३ अशी दाणादाण उडवणारे पुश्काश, कोचिश आणि बोझिक हे हंगेरियन वीर होनवेदचेच असल्यामुळे, आणि मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे पडलेल्या वुल्व्जने त्यांनाच नमवल्यामुळे, लंडनच्या एका वृत्तपत्राने दुसऱ्याच दिवशी या विजेत्यांना जगज्जेतेपदाची सनद बहाल करून टाकली. अशी सनद देण्याचा अखत्यार आपल्याला कोठून मिळाला, हा प्रश्न लंडनमध्ये कोणास सुचला नाही. तो सुचला पॅरिसमध्ये.

‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा-दैनिकाचे गाब्रिएल आनो हे तरुणपणी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले, आणि म्हणून स्तुती व अतिशयोक्ती यांतील सीमारेषा ओळखणारे लेखक होते. त्यांनी तत्काळ लिहिलेल्या लेखाचा आशय असा की, वुल्व्जने आधी मॉस्को आणि बुडापेस्ट येथे जाऊन आपला पराक्रम दाखवावा; मिलान आणि माद्रिद येथेही तोलामोलाचे संघ आहेत; आणि श्रेष्ठत्वाचा निवाडा करावयाचाच असेल, तर युरोपातील संघांची एक रीतसर स्पर्धा का भरवू नये? कल्पना अगदीच अपूर्व होती असे नव्हे. मध्य युरोपात १९२७ पासून मित्रोपा चषक खेळला जात होता, भूमध्य समुद्राकडील देशांत १९४९ पासून लॅटिन चषक सुरू होता, आणि आनोंचे तरुण सहकारी जाक फेरां यांनी तर १९४८ साली चिलीच्या सान्तियागो शहरी दक्षिण अमेरिकेतील विजेत्या संघांचा मेळावा पाहिला होता. परंतु या तत्त्वविचाराच्या जोडीला एक व्यावहारिक सबबही होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. रविवारच्या सामन्यांवर सोमवारचा अंक हातोहात खपे. आठवड्याच्या मध्यावर मात्र छापण्याजोगे काही घडत नसे. प्रकाशझोतांच्या सोयीमुळे बुधवारी रात्री खेळता येऊ लागले होते, तेव्हा बुधवारचा सामना म्हणजे गुरुवारचा खप हे गणित संपादकांना कोणी शिकवावे लागले नाही. ‘लेकिप’चे संचालक जाक गोदे हे ‘तूर द फ्रान्स’ या सायकल-शर्यतीचेही सूत्रधार होते, आणि ती शर्यतही १९०३ साली एका वृत्तपत्राने आपला खप वाढवण्यासाठीच काढलेली होती.

युरोपीय फुटबॉल-संघटनांचे मंडळ १५ जून १९५४ रोजी बाझल येथे स्थापन होऊन जेमतेम वर्ष लोटत होते. त्याचे पहिले कार्यवाह आंरी दलोने यांच्या मनात राष्ट्रांच्या स्पर्धेची तजवीज घोळत असल्यामुळे, संघांच्या स्पर्धेचा कारभार शिरावर घेण्यास मंडळाने अनिच्छा दर्शवली. तेव्हा वृत्तपत्राने दरबारी मंजुरीची वाट न पाहता संघांनाच परभारे निमंत्रणे धाडली. २ आणि ३ एप्रिल १९५५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीत फेरां यांच्या नियमांच्या मसुद्यावर खल झाला. तीत फ्रँकोच्या स्पेनमधून आलेले रियल माद्रिदचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेऊ आणि साम्यवादी हंगेरीचे गुस्ताव शेबेश हे दोघे एकाच समितीचे उपाध्यक्ष झाले. राजदूतांना जे जमत नव्हते ते या बैठकीत चहापानाइतक्या सहजतेने उरकले. पुढे ८ मे रोजी लंडन येथे जागतिक महासंघाने संमती दिली, ती अशा अटीवर की कारभार युरोपीय मंडळानेच पाहावा. आणि जूनमध्ये मंडळाने, आधी नाकारलेले हे अपत्य, मुकाट्याने दत्तक घेतले.

निमंत्रितांची यादी मात्र वृत्तपत्राच्या दप्तरातच तयार झाली होती, आणि तिची तऱ्हा पाहिली तर ‘युरोपीय विजेत्या संघांचा चषक’ या स्पर्धेच्या नावातील ‘विजेते’ या शब्दाचे हसू येते. सोळांपैकी निम्म्याहून अधिक संघ त्या वर्षी आपापल्या देशाचे विजेते नव्हतेच. स्कॉटलंडचे विजेतेपद ॲबरडीनकडे असताना निमंत्रण गेले ते पाचव्या क्रमांकावरील हायबर्नियनला. कारण त्यांचे नाव युरोपात परिचित होते आणि त्यांच्या मैदानावर प्रकाशझोत होते. इंग्लंडचा विजेता चेल्सी येण्यास राजी होता, परंतु देशातील सामन्यांच्या वेळापत्रकात व्यत्यय येईल या सबबीवर इंग्लिश लीगच्या कारभाऱ्यांनी त्याला परावृत्त केले, आणि त्याची जागा वॉर्साच्या ग्वार्दिया संघाला मिळाली. पहिल्या फेरीतील जोड्यासुद्धा चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर आयोजकांच्या मसलतीने ठरल्या.

बुधवारसाठी योजलेल्या या स्पर्धेचा पहिला सामना रविवारी, ४ सप्टेंबर १९५५ रोजी, लिस्बनजवळ झाला, हा योगायोग गमतीचा आहे. स्पोर्टिंगच्या जुआंव मार्तिन्श याने पहिला गोल केला आणि बेलग्रेडच्या पार्तिझानशी सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. परतीच्या सामन्यात पार्तिझानने ५-२ अशी बाजी मारली, त्यांतील चार गोल एकट्या मिलोश मिलुतिनोविचचे होते. झारब्रुकनची कथा याहून विलक्षण. झार प्रदेश त्या वेळी जर्मनीपासून वेगळा, फ्रान्सच्या छायेखाली होता, म्हणून त्याचा स्वतंत्र प्रतिनिधी स्पर्धेत आला. २३ ऑक्टोबरला तेथील जनतेने सार्वमतात ही व्यवस्था टिकवणारा प्रस्ताव फेटाळला, आणि नवव्या दिवशी त्याच प्रदेशाच्या संघाने मिलानला मिलानच्याच मैदानावर ४-३ असे हरवले. परतीच्या सामन्यात तो १-४ असा पराभूत झाला, आणि १९५७ च्या आरंभी तो प्रदेशही पश्चिम जर्मनीत विलीन झाला.

रियल माद्रिदच्या मार्गातील खरी परीक्षा उपांत्यपूर्व फेरीची. टिटोच्या युगोस्लाव्हियाशी स्पेनचे राजनैतिक संबंध नसतानाही लष्कराचा पार्तिझान संघ माद्रिदला आला आणि नाताळच्या दिवशी ४-० असा हरला. इतक्या आधिक्यानंतर परतीचा सामना म्हणजे केवळ उपचार, असे स्पॅनिश मंडळींना वाटले असल्यास नवल नाही; परंतु २९ जानेवारी १९५६ रोजी बेलग्रेडच्या मैदानावर बर्फ साचलेले होते, त्यावर पाहुण्यांचे पाय ठरेनात, त्यांच्या एक्तोर रियालने पेनल्टी दवडली, आणि पार्तिझानने तीन गोल चढवले. आणखी एक गोल झाला असता तर हिशेब बरोबरीत येता. पुढे ज्यांचे साम्राज्य पाच वर्षे अबाधित राहिले, त्या माद्रिदची सारी मिरास त्या दुपारी एका गोलावर टांगलेली होती. त्यानंतर त्यांनी मिलानला नमवले, तर हायबर्नियनला हरवून फ्रान्सचा रेंस संघ अंतिम सामन्यात पोहोचला.

तो सामना १३ जून १९५६ रोजी, या खेपेस बुधवारीच, पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर अडतीस हजारांवर प्रेक्षकांसमोर झाला. वर्षभरापूर्वी लॅटिन चषकाच्या अंतिम सामन्यात याच मैदानावर माद्रिदने रेंसला २-० असे हरवले होते. या वेळी मात्र दहा मिनिटांतच रेंसने दोन गोलांची आघाडी घेतली. अल्फ्रेदो दि स्तेफानोने एक आणि रियालने दुसरा गोल करून तूट भरून काढली. उत्तरार्धात इदाल्गोने रेंसला पुन्हा पुढे नेले. तेव्हा मार्कितोस या बचावपटूने आपली जागा सोडून थेट प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत मजल मारली आणि बरोबरी साधली. आक्रमणाची जबाबदारी दि स्तेफानोवर सोपवून मागे उभे राहण्याचा शहाणपणा त्याने दाखवला असता, तर इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. रियालच्या दुसऱ्या गोलाने सामना ४-३ असा संपला. रेंसचा आधारस्तंभ रेमों कोपा याचा माद्रिदशी करार त्यापूर्वीच ठरलेला होता. ज्यांनी त्याला हरवले, त्यांच्याच पोशाखात तो पुढल्या हंगामात उतरला.

एकोणतीस सामने आणि एकशे सत्तावीस गोल झाल्यावर इंग्लंडमधील हरकतींचा जोरही ओसरला. पुढल्या हंगामात व्यवस्थापक मॅट बझबी यांनी लीगचा विरोध न जुमानता मँचेस्टर युनायटेडला स्पर्धेत उतरवले आणि उपांत्य फेरीपर्यंत नेले. तेथे त्यांना थोपवले ते माद्रिदनेच. ज्याने हातचे पहिले निमंत्रण सोडले, त्या चेल्सीला या स्पर्धेत पाऊल ठेवण्यासाठी १९९९ सालापर्यंत थांबावे लागले.