बाजाच्या पेटीचा वनवास

पुणें जिल्ह्याच्या भोर तालुक्यांत उत्रोली नांवाचें गांव आहे. तेथील काय किंवा भोवतालच्या मावळांतील दुसऱ्या एखाद्या गांवचें काय, देवळांतील भजन डोळ्यांपुढें आणावें. टाळ, मृदंग, वीणा हीं वाद्यें तेथें असावयाचींच. पण त्यांच्या जोडीला बाजाची पेटीहि असते, आणि ती जणूं मुळापासूनच तेथें होती अशा थाटांत भजनी मंडळी तिच्या सुरांत आपला सूर मिळवितात. टाळ, मृदंग व वीणा यांचीं नांवें जुन्या संतवाङ्मयांत जागोजाग सांपडतात. पेटीचें नांव तेथें सांपडणें शक्यच नाहीं. तुकोबांचें निर्वाण सन १६५० मधलें. पेटीला ‘हार्मोनियम’ हें नांव मिळालें तें सन १८४२ मध्यें, आणि तेंहि पॅरिस शहरीं. असें हें परकें वाद्य महाराष्ट्राच्या अंगवळणीं कसें पडलें, आणि लोकांनीं घरांत घेतलेल्या या वाद्याला नभोवाणीनें एकतीस वर्षें दाराबाहेर कां ठेविलें, ही हकीकत विचार करावयास लावणारी आहे.

पेटीचें मूळ तत्त्व मात्र युरोपचें नव्हे, तें आशियाचेंच. चीन देशांत ‘शेंग’ नांवाचें एक तोंडानें फुंकावयाचें वाद्य दोन हजारांहून अधिक वर्षें प्रचारांत आहे. त्याच्या प्रत्येक नळींत एक बारीक पाती असते. पातीचें एक टोक पक्कें बसविलेलें आणि दुसरें मोकळें असतें. वारा शिरला कीं मोकळें टोक आपल्या फटींत मागेंपुढें थरथरूं लागतें आणि त्यांतून स्वर उमटतो. अठराव्या शतकांत हें वाद्य युरोपांत माहीत झालें. सन १७८० च्या सुमारास क्रॅट्झेनस्टाइन नांवाच्या पंडितानें अशाच पात्यांच्या साहाय्यानें मनुष्याच्या वाणींतील स्वर काढून दाखविण्याचें यंत्र रचिलें. पुढें अनेक कारागिरांनीं या तत्त्वावर खटपटी केल्या, आणि अलेक्झांडर डेबें या फ्रेंच कारागिरानें १८४२ मध्यें हार्मोनियमचें पेटंट घेतलें.

पाश्चात्त्य पेटी पायांनीं भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवावयाची. मिशनरी आणि युरोपीय गृहस्थ यांच्याबरोबर ती हिंदुस्थानांत आली. पण येथील गवई बैठकीवर मांडी घालून बसणारा. ही अडचण ओळखून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातानें भाता मारावयाची सुटसुटीत पेटी प्रचारांत आणिली. एका हातानें भाता आणि दुसऱ्या हातानें पट्ट्या, अशी सोय झाली. येथें एक हात भात्यांत अडकला तरी कांहीं बिघडलें नाहीं. कारण आपल्या संगीतांत एका वेळीं अनेक स्वरांचे गुच्छ वाजवावयाचे नसतात, एकामागून एक स्वर हवे असतात.

महाराष्ट्रांत पेटीला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः रंगभूमीमुळें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, आणि नाट्यसंगीताचें युग सुरू झालें. पुढें पायपेटी व ऑर्गन हीं नाटक मंडळ्यांच्या साथीचीं आवश्यक वाद्यें ठरलीं. दिव्यांच्या झगमगाटांत शेंकडों प्रेक्षकांपर्यंत पोंचेल असा भरदार आवाज त्या काळीं दुसरें कोणतें वाद्य देणार? ‘मानापमान’ नाटकाच्या (१९११) पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे थोर वादक होते, आणि भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला ते पेटी घेऊन बसत. तथापि बालगंधर्वांच्या मंडळींत ऑर्गनबरोबर कादरबक्षांची सारंगीहि होती, ही गोष्ट विसरतां कामा नये. एक वाद्य आलें म्हणजे दुसरें गेलेंच पाहिजे, असा कांहीं ईश्वरी नियम नाहीं.

तरी सारंगी मागें पडली हें खरें. तिला वश करावयास अनेक वर्षांची मेहनत लागते, हवेच्या बदलानें ती उतरते, आणि तिच्या मागें नाचगाण्याच्या बैठकींचा लौकिक लागलेला होता. पांढरपेशा घरांतील मुलीला गाणें शिकवावयाचें तर सारंगिया घरीं बोलाविणें त्या काळच्या वडीलधाऱ्यांना रुचलें नसतें. पेटीला असा कोणताच लौकिक चिकटलेला नव्हता. ती एकदां विकत घेतली कीं वर्षानुवर्षें सूर सोडीत नाहीं. शिकाऊ हाताला तिच्यावर स्वर चटकन् सांपडतो. शाळा, कीर्तन, मेळे, भजनी मंडळ्या यांनीं ती उचलली ती याच गुणांमुळें. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असे गवयांचे षड्ज सांगण्याचे शब्दसुद्धां पेटीच्याच पट्ट्यांवरून रूढ झाले.

आतां दुसरी बाजू. पेटीवर मींड निघत नाहीं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें तिच्या पट्ट्यांना साधत नाहीं. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. युरोपांतील वादकांना कोणत्याहि पट्टीस षड्ज मानून वाजवितां यावें म्हणून सप्तकाचे बारा अगदीं समान भाग पाडलेले असतात. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर तंबोऱ्याच्या नादांत ऐकूं येणाऱ्या स्वयंभू गांधाराच्या हिशेबानें गांधार ३०० आंदोलनांचा हवा; समान भागांच्या पेटीवर तो ३०२.४ चा निघतो. पंचमांत मात्र फरक नाममात्र, ३६० च्या ठिकाणीं ३५९.६. म्हणजे पंचम खपून जातो, पण गांधार तंबोऱ्याशीं भांडतो. त्या दोन गांधारांची सेकंदास दोन-अडीच वेळां होणारी टक्कर तयार कानाला टोंचते.

हा दोष महाराष्ट्रांतच मोठ्या कसोशीनें तपासला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडून १९१० मध्यें त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य झालें. न्यायखात्यांतील इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनीं देवलांशीं सहकार्य करून श्रुतींची पेटी घडवून घेतली, आणि ती १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेपुढें मांडली गेली. तीवर मतभेद झाले आणि ती प्रचारांत आली नाहीं. परंतु येथील जाणत्या लोकांना पेटीचा दोष दिसला होता, आणि पेटी टाकून देण्याऐवजीं त्यांनीं ती सुधारावयास घेतली होती.

नभोवाणीनें वेगळा मार्ग पत्करला. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ मध्यें हार्मोनियमवर कडक टीका केली. रवींद्रनाथ ठाकुरांनींहि या वाद्याविषयीं तीव्र नापसंती व्यक्त केली होती. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस मज्जाव केला. स्वातंत्र्य आलें तरी तो हुकूम उठला नाहीं. १९५२ ते १९६२ या दशकांत नभोवाणीचें खातें महाराष्ट्रीय मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतें. शास्त्रीय संगीताला त्यांनीं मोठें उत्तेजन दिलें, पण पेटीला दार उघडलें नाहीं. उत्कृष्ट पेटी वाजविणारे पु. ल. देशपांडे याच काळांत नभोवाणीच्या नोकरींत होते, हा योगायोग कोणालाहि गमतीचा वाटेल.

एकतीस वर्षांत या बंदीनें काय साधलें? सारंगीवाल्यांना नभोवाणीवर आश्रय राहिला, हा लाभ लहान नव्हे. पण मैफलींत, देवळांत व घरांत पेटी वाजतच राहिली. हुकूम ध्वनिक्षेपकाच्या खोलीपुरता होता. सामान्य माणसाच्या कानावर त्याचा अंमल चालला नाहीं. नुकसान झालें तें पेटीवाल्यांचें. ज्यांनीं मेहनत करून या वाद्यावर गायकी अंगाचें वादन साध्य केलें, त्यांना देशव्यापी श्रोतृवर्गापासून वंचित व्हावें लागलें. पी. मधुकर यांच्यासारखा वादक १९६७ मध्यें, बंदी उठण्यापूर्वींच, निवर्तला. १९७० मध्यें या प्रश्नावर तज्ज्ञांचा परिसंवाद झाला, आणि १९७१ मध्यें साथीपुरती बंदी सैल करण्यांत आली. स्वतंत्र वादनाला तेव्हांहि मोकळीक मिळाली नाहीं. आप्पा जळगांवकर आणि तुळशीदास बोरकर यांच्या पिढीनें मात्र पुढें या साथीला मानाचें स्थान मिळवून दिलें.

या वादांत पेटीवर ठेवलेला आरोप खरा होता, पण दिलेली शिक्षा चुकीची होती. पेटीचा गांधार चढा आहे, तर तो उतरवितां येतो. पातीचें मोकळें टोक हलकेंच कानशीनें घांसलें कीं स्वर चढतो. बुडाशीं घांसलें कीं उतरतो. तंबोरा लावून, एक षड्ज कायम धरून कुशल कारागीर हें काम करतो, आणि मग पेटी तंबोऱ्याशीं भांडत नाहीं. अलीकडच्या काळांत ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. देवलांनीं जेथें काम सोडलें होतें तेथूनच तें पुढें गेलें आहे. मींड निघत नाहीं ही उणीव उरतेच, आणि ती भरून काढावयास सारंगी हवी. म्हणून ज्यांना पेटी प्रिय आहे त्यांनींच सारंगीचीहि काळजी वाहिली पाहिजे.

वाद्याचा जन्म कोठें झाला, यापेक्षां त्याचा सूर खरा आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि तें कानानें पाहावें. घरांत मुलांसाठीं पेटी घेतली असेल तर शेजारीं तंबोराहि लावावा आणि गांधारावर क्षणभर थांबून ऐकावयास शिकवावें. ज्या मुलाला तेथील टक्कर ऐकूं आली, त्याच्या हातीं कोणतेंहि वाद्य निर्धास्तपणें द्यावें.