वेळेचें बंधन आणि विजेची काटकसर

हृदयाच्या ठोक्यांना साहाय्य करणारा पेसमेकर रुग्णाच्या छातींत, त्वचेखालीं बसविलेला असतो. त्याची बॅटरी अनेक वर्षें पुरते. पण ती संपत आली म्हणजे यंत्र बदलण्यासाठीं पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. त्याच्या कामांत एका ठोक्याचाहि उशीर चालत नाहीं आणि थोडीहि वीज वायां घालविणें परवडत नाहीं. निरनिराळ्या उपकरणांच्या पोटांत दडलेल्या लहान गणकयंत्रांपुढें हाच पेंच असतो : वक्तशीरपणा आणि काटकसर हीं दोन्ही एकाच वेळीं साधावीं कशीं?

या प्रश्नाच्या उत्तराचा पाया १९७३ सालीं घातला गेला. अमेरिकेंत सी. एल. लिऊ व जेम्स लेलँड यांनीं त्या वर्षीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विषय विजेचा नव्हताच. ठराविक अवधीनें पुनःपुन्हां येणारीं अनेक कामें एकाच यंत्रानें करावयाचीं असतील, तर एकाहि कामाची मुदत न चुकवितां तीं कोणत्या क्रमानें उरकावीं, एवढेंच त्यांना ठरवावयाचें होतें. कामें परस्परांवर अवलंबून नसतील व हातचें काम मध्येंच थांबवितां येत असेल, तर ज्याची मुदत सर्वांत जवळ तें काम आधीं घ्यावें. मग यंत्राचा सगळा वेळ कामांत गेला तरी मुदत चुकत नाहीं, हें त्यांनीं गणितानें सिद्ध केलें. याच सिद्धांताची दुसरी बाजू पुढें फार उपयोगी पडली. सगळा वेळ लागत नसेल, तर उरतो किती, हेंहि त्यावरून कळतें.

त्या उरलेल्या वेळाचें काय करावें? सरळ उत्तर असें कीं, काम झटपट उरकावें आणि यंत्राला निजवावें. १९९४ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो अल्टो येथें, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, ॲलन डीमर्स व स्कॉट शेंकर यांनीं निराळा विचार मांडला. सीमॉस जातीच्या चिपमध्यें प्रत्येक क्रियेला लागणारी ऊर्जा विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दाब निम्मा केला, तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. मात्र दाब उतरला कीं गतीहि उतरवावी लागते. १० सहस्रांश सेकंदांच्या मुदतीचें काम ५ सहस्रांशांत उरकून यंत्र निजलें, तर प्रत्येक क्रियेची पूर्ण किंमत मोजलेली असते. तेंच काम निम्म्या गतीनें व उतरलेल्या दाबानें पूर्ण १० सहस्रांशांत केलें, तर क्रिया तितक्याच होतात, पण प्रत्येक स्वस्तांत पडते. धांवत जाऊन विसांवा घेण्यापेक्षां संथ चालत राहणें येथें फायद्याचें. दाब ५ व्होल्टवरून ३.३ पर्यंत उतरवितां आला तर ५० टक्क्यांपर्यंत, आणि २.२ पर्यंत उतरवितां आला तर ७० टक्क्यांपर्यंत बचत होऊं शकते, असा हिशेब त्यांनीं मांडला.

परंतु या युक्तींत एक उणीव होती. पुढें काम किती येईल याचा अंदाज ती नुकत्याच सरलेल्या क्षणांवरून बांधी. टेबलावरच्या गणकयंत्रांत अंदाज चुकला, तर पडद्यावरील अक्षर किंचित् उशिरां उमटतें, इतकेंच. पेसमेकरांत किंवा मोटारीच्या ब्रेकांत तीच चूक जिवावर बेतावयाची. म्हणून मुदतीचा सिद्धांत आणि दाबाची काटकसर यांची सांगड घालणें अवश्य होतें. या कामीं मिशिगन विद्यापीठांतील पद्मनाभन् पिल्लई व कांग शिन यांचा २००१ सालचा निबंध विशेष महत्त्वाचा ठरला. प्रत्येक कामाला अधिकांत अधिक किती वेळ लागेल हें आधीं धरावयाचें, आणि एकहि मुदत न चुकविणारी किमान गति त्यावरून ठरवावयाची. एखादें काम अपेक्षेपूर्वीं संपलें, तर वांचलेला वेळ पुढील कामांना देऊन गति आणखी उतरवावयाची. ही सारी व्यवस्था यंत्राच्या आज्ञावलींत होती आणि त्यांनीं ती साध्या लॅपटॉपवर चालवून दाखविली. मुदतीची हमी कायम ठेवून २० ते ४० टक्के ऊर्जा सहज वांचवितां येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इतक्यांत चिपचा स्वभावच पालटला. तिच्यांतील ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले, तसतशी केवळ जागी असलेल्या चिपमधूनहि वीज अधिक झिरपूं लागली. काम फार संथ चालवावें, तर तितका वेळ गळती चालूच. गतीला अशी एक मर्यादा आली कीं, तिच्याखालीं उतरणें म्हणजे तोटा. २००४ सालीं रवींद्र जेजुरीकर, क्रिस्तियानो परेरा व राजेश गुप्ता यांनीं यावर सुचविलेला उपाय मोठा मौजेचा आहे. यंत्र निजलेलें असतांना काम आलें, तर तें लगेच हातीं घ्यावयाचें नाहीं. मुदत सांभाळून जितकें लांबणीवर टाकतां येईल तितकें टाकावयाचें. त्यामुळें तुटक डुलक्यांऐवजीं चिपला सलग झोंप मिळते. आणि प्रत्येक वेळीं जागें होण्यासहि ऊर्जा लागत असल्यामुळें सलग झोंपच स्वस्त पडते. आळस हा दुर्गुण खरा, पण येथें तो मोजून मापून घेतलेला आहे.

धांवावें, संथ चालावें कीं निजावें, याचीं उत्तरें अशीं काळाप्रमाणें बदलत गेलीं. बदलली नाहीं ती एकच गोष्ट. या सर्व काटकसरीचा आधार म्हणजे प्रत्येक कामाला अधिकांत अधिक किती वेळ लागेल याचा प्रामाणिक अंदाज. तो चिपला करतां येत नाहीं. आज्ञावली लिहिणारालाच करावा लागतो. अंदाज कमी धरला, तर मुदत चुकते. अवाजवी वाढवून धरला, तर बॅटरी फुकट जाते. छातींत बसविलेल्या यंत्राच्या बाबतींत या दोन्ही चुकांची किंमत रुग्णाच्या देहाला द्यावी लागते.