काळ्या धाग्यावर उडणारा गालिचा

१९३७ साली मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सचा ‘ख्वाब की दुनिया’ पडद्यावर आला. दिग्दर्शक विजय भट्ट. हॉलीवूडच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’वरून सुचलेली ही अदृश्य माणसाची गोष्ट. माणूस दिसत नाही, पण तो हाताळतो त्या वस्तू मात्र हलतात, उचलल्या जातात. हे घडवून आणायचे काम सुरतेहून आलेल्या, विशीही न ओलांडलेल्या बाबूभाई मिस्त्रींकडे होते. त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळा धागा वापरला. प्रकाश असा टाकला की वस्तू उजळावी आणि धागा अंधारात विरून जावा. तेव्हापासून स्टुडिओतली माणसे त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागली. जादूचा चिराग, उडता गालिचा, पारसमणी या वस्तूंभोवती फिरणाऱ्या मुंबईच्या चित्रपटांचा इतिहास खरे तर अशा धाग्यांचा आणि ते ओढणाऱ्या हातांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मात्र बाबूभाईंच्याही आधी होते. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जादूचे प्रयोग करत, आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने रंगमंचावर उभे राहत. ‘लंकादहन’मधला उडणारा हनुमान आणि ‘कालिया मर्दन’मधला पाण्यातला नाग या जादूगाराच्या हातचे आहेत. कॅमेरा मध्येच थांबवून पात्र गायब करायचे, किंवा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून दोन जगे एकत्र आणायची, या युक्त्या फाळक्यांनी फार लवकर आत्मसात केल्या होत्या. त्यांच्याकडे पौराणिक कथा होती, त्यामुळे त्या चमत्काराला देवाचे नाव मिळाले.

१९२४ साली दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीने ‘गुल-ए-बकावली’ काढला आणि चमत्कार देवळाबाहेर आला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड, नायिका झुबेदा. राजाची दृष्टी गेलेली असते. ती परत आणू शकेल असे एकच फूल परीच्या बागेत असते आणि राजपुत्र ते शोधायला निघतो. ही गोष्ट फारसी-उर्दू किश्शांतून पारशी रंगभूमीवर आलेली होती. मराठी वाचकालाही असे विश्व परके नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणायला घेतल्या होत्या.

त्याच वर्षी अमेरिकेत डग्लस फेअरबँक्सचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ तयार झाला. तो भारतात एवढा चालला की १९२७-२८ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या, टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट समितीलाही त्याच्या लोकप्रियतेची दखल घ्यावी लागली. बगदादचा चोर हॉलीवूडहून आला तरी प्रेक्षकाला तो आपल्याच किश्शांतला वाटला. पुढे १९४० साली अलेक्झांडर कोर्डा यांनी हीच कथा रंगीत करून काढली, तेव्हा त्यात चोराची भूमिका म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताच्या मुलाने, साबूने केली.

बोलपट आल्यावर या कथांना वाडिया बंधूंचे घर मिळाले. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्यातले जे. बी. एच. आणि होमी. त्यांच्या वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट १९३३चा ‘लाल-ए-यमन’. त्यात छोट्या राजपुत्राच्या भूमिकेत गाणारा मुलगा म्हणजे फिरोझ दस्तूर, पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य आणि पुण्याच्या महोत्सवातले लाडके गायक. १९४२च्या सुमारास भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वाडिया मूव्हीटोनच्या स्टुडिओची परळची जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. होमींनी बसंत पिक्चर्स काढली, तिचा स्टुडिओ चेंबूरला होता.

‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और ४० चोर’ (१९५४) आणि रंगीत ‘हातिमताई’ (१९५६) हे चित्रपट बसंतचेच. ‘अलादीन’मध्ये नायक महिपालसोबत मीना कुमारी होती, त्याच वर्षी आलेल्या ‘बैजू बावरा’ने तिचे नशीब पालटले.

चिरागातून राक्षस निघतो हे दाखवायचे कसे? नट काळ्या मखमलीसमोर उभा करून कॅमेरा जवळून लावायचा, म्हणजे तो चौकटभर मोठा दिसतो. मग फिल्म मागे गुंडाळून त्याच फिल्मच्या कोऱ्या राहिलेल्या भागावर छोटा अलादीन चित्रित करायचा. दोन्ही चित्रणांत नजर जुळली पाहिजे, नाहीतर राक्षस भलत्याच दिशेला बोलताना दिसतो. धूर चिरागात परत शिरायला हवा असेल तर चित्रण उलटे चालवायचे. महाल हातभर उंचीचे बनवायचे, काचेवर आकाश रंगवायचे. पुन्हा चित्रण करायचे म्हणजे फिल्म आणि वेळ दोन्ही वाया, म्हणून मापे आधी कागदावर पक्की करावी लागत. संगणकाचे नाव कुणी ऐकले नव्हते त्या काळी हे सगळे गणित डोक्यात आणि बोटांत होते.

समीक्षकांनी या चित्रपटांना ‘स्टंट’ आणि ‘जादूपट’ म्हणून दुय्यम ठरवले, आणि हा अन्याय आजवर टिकून आहे. वास्तविक जादूच्या वस्तूच्या गोष्टीत एक साधे न्यायाचे स्वप्न असते. चिराग शिंप्याच्या पोराला मिळतो, गुहेचा दरवाजा लाकूडतोड्यासाठी उघडतो. पुढच्या बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला हे आपले वाटले, तर त्याच्या अभिरुचीला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. राजाला जे सैन्याने जमत नाही, ते इथे एका जुन्या दिव्याने होते.

बाबूभाईंनी पुढे दिग्दर्शनही केले. १९६३च्या त्यांच्या ‘पारसमणी’त दुर्मिळ मण्याच्या शोधात निघालेला नायक पुन्हा महिपालच होता, म्हणजे चारच वर्षांपूर्वी शांतारामांच्या ‘नवरंग’मध्ये कवी झालेला नट. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचा पहिला प्रदर्शित चित्रपटही तोच. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि त्यांच्या जोडीदाराची प्रदीर्घ कारकीर्द एका जादूपटाने सुरू झाली, हे चित्रपटसंगीताच्या इतिहासात ठळकपणे सांगायला हवे.

शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) चिरागाची जागा मनगटावरच्या यंत्राने घेतली. ते बांधले की माणूस दिसेनासा होतो आणि लाल प्रकाशात पुन्हा दिसतो. त्यातल्या करामती कॅमेरामन पीटर परेरा यांच्या. त्याही हातांनी, धाग्यांनी आणि कॅमेऱ्यातच केलेल्या. अदृश्य माणसाच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, आणि मूळ युक्ती बदललेली नव्हती.

या कारागिरीचा फार थोडा भाग आज हाताशी आहे. मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले, नायट्रेटची फिल्म जळली किंवा सडली, आणि ट्रिकवाल्यांनी काढलेल्या मापांच्या वह्या कुणी इतिहास म्हणून जपल्या नाहीत. नटांची छायाचित्रे जपली गेली, धागा धरणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीतूनही गळत असे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तिथे जुन्या चित्रपटांसोबत पोस्टर, पुस्तिका आणि छायाचित्रेही जतन केली जातात. ज्यांच्या घरात स्टुडिओत काम केलेल्या आजोबांची अशी काही वही, आराखडा किंवा फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत जाऊ देण्याआधी संग्रहालयाला जरूर दाखवावा.