गुडघा टेकायचा नाही

नृत्य म्हणजे आनंदाची अभिव्यक्ती, हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेले असते की ते तपासून पाहावेसे वाटत नाही. महामंदीच्या काळातील अमेरिकेतल्या ‘डान्स मॅरेथॉन’विषयी गेली काही वर्षे मी मिळेल ते वाचतो आहे. त्यानंतर हे वाक्य मला फार अपुरे वाटू लागले.

सुरुवात हौसेची होती. ३१ मार्च १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन बॉलरूममध्ये अल्मा कमिंग्ज ही नृत्यशिक्षिका सलग २७ तास नाचली. सहा जोडीदार तिने दमवले. मग विक्रम मोडण्याची लाटच आली. १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला आणि १९३३पर्यंत जवळजवळ दर चौथा अमेरिकन कामगार बेकार झाला. हौसेचा तोवर धंदा झाला होता.

नियम साधारण असे : दर तासाला ४५ मिनिटे पायांवर, १५ मिनिटे विश्रांती, हे रात्रंदिवस. पाय हलत राहिले पाहिजेत. गुडघा जमिनीला टेकला की बाद. एक जण जोडीदाराच्या खांद्यावर झोपे आणि दुसरा त्याला ओढत फिरे. तरीही स्पर्धक मिळत, कारण उभ्याने का होईना, दिवसातून अनेकदा जेवण मिळे आणि डोक्यावर छप्पर असे. बक्षीस शेवटपर्यंत टिकणाऱ्या जोडीला. जेवण मात्र टिकेल तोवर प्रत्येकाला.

प्रेक्षकही मंदीने पोळलेलेच. साधारण २५ सेंटच्या तिकिटावर त्यांना तासन्‌तास घरची विवंचना विसरता येई. आवडत्या जोडीवर ते नाणी उधळत. कॅलम डेव्हिलिए आणि व्हॉनी कुचिन्स्की यांनी १९३२-३३मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल येथे ३,७८० तास काढले, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक. बक्षीस १,००० डॉलर. भागाकार केला तर तासाला सुमारे २६ सेंट, तेही दोघांत मिळून. दोन माणसांच्या तासाभराच्या पायपिटीची किंमत जेमतेम एका तिकिटाएवढी भरते.

होरेस मॅकॉय यांच्या १९३५च्या ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’ या कादंबरीमुळे आणि १९६९च्या चित्रपटामुळे या प्रकारातले क्रौर्य जगापुढे आले. ते खरेच होते. पण केवळ क्रौर्य म्हणून पाहिले, तर रिंगणात उतरणाऱ्यांचा हिशेब नजरेआड होतो. बाहेर काम नव्हते. इथे निदान पाय हलवण्याचे जेवण मिळत होते. बाकांवर बसलेल्यांचा विसावा आणि रिंगणातल्यांचा तगून राहण्याचा खटाटोप, दोन्ही एकाच छपराखाली, एकमेकांच्या आधाराने चालले होते.

पुढे अनेक राज्यांनी या स्पर्धांवर बंदी घातली. सूजलेल्या पायांची दया येणाऱ्यांबरोबर, गिऱ्हाईक पळवले म्हणून चिडलेले चित्रपटगृहांचे मालकही त्या मागणीत होते. बंदीने नाच थांबला. रिंगणातून बाहेर पडलेल्याच्या पुढच्या जेवणाचे काय, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. नृत्याच्या इतिहासात तो प्रश्नही नोंदवला जावा, असे मला वाटते.