मोट, पाट आणि तुषार



ज्युबिलीच्या अंकांत मंदिराच्या पायाभरणीचा व आजवरच्या धर्मगुरूंचा इतिहास येतो, आणि तो यावाच. परंतु ज्या कुटुंबांच्या वर्गणीवर हें मंदिर उभें राहिलें तीं बहुतेक शेतकऱ्यांचीं. आणि शेतकऱ्याचा इतिहास म्हणजे बहुतांशीं त्याच्या पाण्याचा इतिहास होय. यास्तव प्रवराकांठच्या आपल्या या धर्मग्रामांत पाणी शेतापर्यंत कसकसें आलें, आणि अलीकडचें तुषारसिंचन मांडतांना आमच्या हातून कोणती चूक घडली, हें लिहून ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आपल्या पणजोबांच्या काळीं विहिरीवर मोट चाले. पहांटे बैल धावेवरून उतरत, कातड्याची मोट थारोळ्यांत रिकामी होई, आणि तेथून पाणी दंडानें वाफ्यांत जाई. कष्ट फार, पण या साधनाचा एक गुण होता. बैल थकले म्हणजे उपसा आपोआप थांबे, आणि रात्रींत झरे विहीर पुन्हां भरून काढीत. देवानें घातलेली ती मर्यादाच होती म्हणा ना!

सन १९२६ मध्यें भंडारदऱ्याचें धरण पूर्ण झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं या मुलखाचें रूप पालटलें. बाजरीच्या जागीं ऊंस आला. पाटाची पाळी आली कीं कंदील घेऊन रात्रभर दारें धरणारे गडी आपल्यापैकीं वृद्धांना अजून आठवतात. परंतु दख्खनच्या कालव्यांनीं एक धडाही दिला. खोल काळ्या जमिनींत निचऱ्याची सोय न पाहतां पाणी सोडलें, तेथें क्षार वर आले आणि चांगलीं शेतें नापीक झालीं. टंचाईप्रमाणें अतिरेकानेंही शेत मरतें, हें तेव्हां लोकांस कळलें.

तिसरें साधन परदेशांतून आलें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील ग्लेंडोरा येथें ऑर्टन एंगलहार्ट नांवाचा एक फळबागाईतदार होता. त्यानें सन १९३३ मध्यें अशी तोटी बनविली कीं, पाण्याच्या धारेनें ढकललेली एक दांडी स्प्रिंगच्या जोरानें परत येऊन तोटीवर आपटे, आणि प्रत्येक आघातासरशी तोटी थोडी थोडी फिरे. सन १९३५ मध्यें तिचें पेटंट झालें. आज आपल्या हरभऱ्याच्या शेतांत टक्‌टक् वाजत फिरणारी तोटी ती हीच. पुढें कोलोरॅडोंतील फ्रँक झायबॅक या शेतकऱ्यानें चिखलांतून नळ उचलून नेण्याची दगदग पाहून सगळा नळच चाकांवर चढविला, आणि तो शेताच्या मध्यबिंदूभोंवतीं आपोआप फिरविला. त्याचें पेटंट सन १९५२ चें आहे. एक यंत्र सुमारें १३० एकर भिजवूं लागलें.

येथेंच इतिहासाचें मर्म आहे. त्या मुलखाखालीं ओगालाला नांवाचा भूजलाचा प्रचंड सांठा आठ राज्यांत पसरला आहे. यंत्र थकत नव्हतें. म्हणून उपसाही थांबेना. कॅन्सास व टेक्सास यांच्या अनेक भागांत पाण्याची पातळी खोल गेली. पुढें पाणी वांचावें म्हणून कॅन्सास सरकारनें सुधारलेल्या तोट्यांस अनुदान दिलें. परंतु नंतरच्या अभ्यासांत आढळलें कीं, पश्चिम कॅन्सासमध्यें एकूण उपसा घटण्याऐवजीं वाढला, कारण वांचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनीं अधिक तहानेचीं पिकें घेतलीं. तोटी पाणी वांचविते. वांचलेल्या पाण्याचें काय करावें हें मात्र मनुष्यानेंच ठरवावें लागतें.

हें सर्व वाचूनही आम्ही चुकलों. कांहीं वर्षांपूर्वीं मंदिराच्या चार एकरांत तुषारसिंचन बसवितांना आम्ही एका विक्रेत्याच्या आराखड्यावर विसंबलों. वीस तोट्या एकदम लावल्या. पंपाचा दाब पुरेना. आरंभींच्या तोट्या जोरानें फवारीत, शेवटच्या नुसत्या गळत. जेथें दाब होता तेथें मारा ताशीं बारा मिलिमीटरचा. काळी जमीन सावकाश पिणारी. म्हणून पाणी मुरण्याऐवजीं बांधाबाहेर वाहूं लागलें. पांचव्या दिवशीं विहिरीनें तळ गांठला. त्याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. शेजारच्या एका विधवा भगिनीची उथळ विहीरही त्याच आठवड्यांत आटली. ती आमच्या दाराशीं येऊन एवढेंच म्हणाली, “फादर, तुमच्या पावसानं माझी हीर आटली.” त्या रविवारीं प्रवचन करतांना आमच्याच घशास कोरड पडली होती, हें येथें कबूल करतों.

मग आम्हीं हिशेब उलट्या टोंकाकडून मांडला. प्रथम विहीर मोजली. उपसल्यावर एका दिवसांत पाणी किती चढतें तें दोरीनें तीन वेळां पाहिलें. सुमारें ४०,००० लिटर भरलें. एका एकरास पांच सेंटिमीटर पाणी द्यावयाचें तर सुमारें २,००,००० लिटर लागतात; म्हणजे एकरास पांच दिवस. चार एकरांस वीस दिवस लागते, आणि गव्हास तेवढ्या अंतरानें पाणी चालतेंही. परंतु झरा एकट्या आमचा नव्हता. म्हणून दोनच एकर गहूं पेरला: दहा दिवस उपसा, दहा दिवस विहिरीस विश्रांति. तोट्या ताशीं १,००० लिटरच्या, बारा बारा मीटरांवर. त्यांचा मारा ताशीं सात मिलिमीटर, जो जमिनीस सोसला. एका वेळीं सहाच तोट्या, एका जागीं सात तास, दुसऱ्या दिवशीं पुढची जागा. पहिल्या व शेवटच्या तोटीच्या दाबांत पांचव्या हिश्श्याहून अधिक फरक पडूं नये, अशा बेतानें नळांची जाडी ठरविली. वारा पडलेला असतां पंप सुरू केला, आणि शेतांत रिकामे डबे मांडून पाणी सारखें पडतें कीं नाहीं तें तपासलें. शेजाऱ्यांशीं बसून उपशाच्या पाळ्याही ठरल्या. त्या वर्षीं त्या भगिनीची विहीर फाल्गुनापर्यंत टिकली.

आपल्या जिल्ह्यास, म्हणजे तेव्हांच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यास, हा विचार नवा नाहीं. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनीं पाणलोट विकासाच्या कार्यास येथें वाहून घेतलें होतें. त्या कामाचा क्रम डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे: आधीं चर, बांध व झाडें, मग खालच्या विहिरी. आधीं मुरवावें, मग उपसावें.

इसहाकाच्या चाकरांनीं विहिरी खणल्या तेव्हां गराराच्या गुराख्यांनीं भांडण मांडलें, हें उत्पत्तीच्या पुस्तकांत आपण वाचतों. विहिरींवरून होणारें भांडण इतकें जुनें आहे. तेव्हां वाचकहो, नळ विकत घेण्यापूर्वीं आपली विहीर मोजा, आणि आपली मोजून झाल्यावर शेजाऱ्याच्या विहिरींत वांकून पाहा. बैलांनीं घातलेली मर्यादा आतां उरली नाहीं. ती आपली आपणच घालून घ्यावयाची आहे. तशी बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो, आणि पुढील ज्युबिलीच्या वेळीं या गांवच्या विहिरींत पाणी असो.